इंटर्नशिपमध्ये पळावं कधी, वाचावं काय

चि. डॉक्टर,
(पुढे अजून ‘इंटर्न’ लागतं, तरी मी डॉक्टरच म्हणणार.)

तुझा तक्ता पाहिला. वर्षाला ५२ पुस्तकं, आठवड्याला ४० किलोमीटर, आणि हुकलेले आठवडे लाल रंगात. अगं, १२ महिन्यांच्या इंटर्नशिपला लॉगबुक आहे, पुढे पदव्युत्तर प्रवेशासाठी नीट-पीजीचा रँक आहे. त्यात आणखी एक परीक्षा स्वतःच कशाला काढलीस? तो तक्ता पुसून टाक बघू.

नाइट ड्युटी उरकली की तशीच बूट चढवून निघतेस, ते बंद कर. झोप बुडाली की नेहमीचा वेगही जड जातो, लक्ष उडतं आणि पाय मुरगळतो. आधी झोप, संध्याकाळी पळ. नाही जमलं तर सुट्टी. अंगात ताप असताना अजिबात नाही. व्हायरल तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, हे पेशंटला तूच सांगशील आणि स्वतः पॅरासिटामॉल घेऊन निघशील! एरवी सोबतीणीशी अख्खं वाक्य बोलता येईल इतकंच हळू पळ, घड्याळ काही का म्हणेना.

जागा म्हणशील तर आपल्या बेळगावात टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो. झाडी आहे, पायाखाली माती आहे, फिरायला येणाऱ्या काका-मावशींची वर्दळ आहे. तिथं एकेकाळी देवीची लस तयार व्हायची. १९८० मध्ये देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं, आणि आता तिथं लोक शुगर उतरवायला चालतात. राजहंसगडाचा चढ रविवारी, चौघी मिळून. पहाटे अंधारात येळ्ळूर रस्त्याला एकटी जाऊ नकोस. हे लिहायला मला आवडत नाही, तरी लिहिते. पावसाळ्यात आपल्याकडे बूट वाळतच नाहीत; रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंब.

वाचनावर मात्र जरा लांबण लावते. चांगला डॉक्टर व्हायला साहित्य वाचावं, असं भाषणांत सांगतात. मला ते पटत नाही. कादंबरी उघडल्यावरही डोक्यात पेशंटच असेल तर ती ड्युटीच झाली की! डॉक्टरांची आत्मचरित्रं सध्या लांबच ठेव. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे. सभासद हो, कपाटापुढे उभी राहा, हाताला लागेल ते घे: रहस्यकथा, प्रवासवर्णन, जुना दिवाळी अंक. तीस पानांत मन रमलं नाही तर खुशाल परत कर. कॅज्युअल्टीत जाडजूड कादंबरी नेऊ नकोस, तिथं कविता बऱ्या. हाक आली की मिटता येतात. (खूण घाल, वाचनालयाचं पान दुमडू नकोस.) गोकाक-अथणीकडच्या पेशंटांसाठी कन्नड शिकायलाच हवं, पण ते कामाच्या खात्यात धर. पुढे कन्नड कथा आपसूक वाचावीशी वाटली, तर ती तुझी.

हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूरला साहित्य संमेलनं भरतात. एकदा मांडवात येऊन बस. शेतावरून आलेली माणसं, निवृत्त मास्तर, शाळेची पोरं, सगळे कवितेला दाद देतात. एखाद्या लांबलेल्या भाषणात डुलकी लागली तरी कुणी उठवत नाही, नाइटनंतर तेवढं पुरे. तुझ्या नाइट कधी ते कळलं की सांग. येळ्ळूरला पळत जायचं की बसनं, ते तेव्हा बघू.

तुझी,
मॅडम