ह्यूस्टनला येताय आणि गाडीत पिस्तूल ठेवायचंय? मग आधी हे वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भावाने फार पूर्वी भरलेल्या अर्जावर एकदाचं ग्रीन कार्ड मंजूर झालंय, बायको आणि सात वर्षांच्या मुलाला घेऊन तुम्ही ह्यूस्टनला येताय. भावाच्याच गॅस स्टेशनवर (पेट्रोल पंपावर) रात्रीची पाळी करणार, आणि मध्यरात्रीनंतर एकटेच गाडी चालवत घरी जाणार. भाऊ म्हणतो, एक छोटं पिस्तूल घे आणि ग्लव्ह बॉक्समध्ये टाकून ठेव. मग ग्लॉक १९ घ्यावं की सिग पी३६५, आणि डॅलसला एच-१बीवर असलेल्या मित्रासाठीही एक सोबतच घेता येईल का?

मित्राचं आधी निकालात काढतो. नाही. एच-१बी, एल-१, एफ-१, व्हिजिटर, म्हणजे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसावाले, यांना इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूकही बाळगता येत नाही आणि गोळ्याही. शिकारीचं चालू लायसन्स वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते त्याने वकिलाला विचारून स्वतःचं स्वतः बघावं. तुम्ही त्याच्यासाठी विकत घेणं हा तर आणखी वेगळा गुन्हा. दुकानात ४४७३ नावाचा फॉर्म भरावा लागतो. प्रत्यक्ष खरेदीदार तुम्हीच आहात का, हा त्यातला अगदी सुरुवातीचा प्रश्न. तिथे खोटं लिहिलं तर तो केंद्रीय गुन्हा होतो. ग्रीन कार्डवाल्याला बंदुकीच्या बाबतीतली कुठलीही शिक्षा थेट परत पाठवणीपर्यंत नेऊ शकते, हे कायम डोक्यात असू द्या. इथे जन्मलेला माणूस ज्या भानगडीतून दंड भरून सुटतो, त्यात तुमचं-माझं घरदार हलू शकतं. आईवडील व्हिजिटर व्हिसावर आले की त्यांच्याही हाताला ती वस्तू लागता कामा नये. म्हणजे किल्ली आणि कोड फक्त तुमच्याकडे.

तुम्हाला मात्र घेता येईल. परवानाधारक दुकानातून हँडगन घ्यायला २१ वर्षं पूर्ण हवीत आणि तुम्ही त्याच राज्याचे रहिवासी हवेत. टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स हातात येऊ द्या, त्यावर आताचाच पत्ता असू द्या, ग्रीन कार्ड सोबत न्या. ४४७३वर ए-नंबर, म्हणजे ग्रीन कार्डवरचा तुमचा नोंदणी क्रमांक, लिहावा लागतो. मग दुकानदार एफबीआयच्या निक्स या यंत्रणेतून तुमची तपासणी करतो. बहुतेकांचं काम काही मिनिटांत होतं. ‘डिलेड’ असं उत्तर आलं तर घाबरू नका, आपल्या नावांच्या बाबतीत हे होतं. नकार वेगळा आणि विलंब वेगळा. त्याच फॉर्मवर गांजाचा प्रश्न आहे. काही राज्यांत गांजा कायदेशीर असला तरी केंद्रीय कायद्यात नाही, आणि हा फॉर्म केंद्राचा आहे.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१पासून पात्र माणसाला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. गाडीत झाकून ठेवायची मोकळीक तर २००७पासूनच आहे. त्यामुळे भाऊ म्हणेल लायसन्सची गरजच काय. तरी घ्या. एलटीसीचा (लायसन्स टू कॅरी, म्हणजे पिस्तूल बाळगायचा टेक्सासचा परवाना) कोर्स चार ते सहा तासांचा, शेवटी लेखी परीक्षा आणि तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्यांची नेमबाजी. तुमच्यासाठी त्याचं खरं कारण मुलाची शाळा हे आहे. केंद्रीय कायद्याने शाळेच्या हद्दीपासून हजार फुटांत बंदूक नेता येत नाही. राज्याचं लायसन्स असलेल्याला त्यातून सूट आहे, किंवा मग बंदूक रिकामी करून कुलूपबंद पेटीत हवी. ह्यूस्टनमध्ये गाडी चालवताना हजार फुटांत शाळा न येता तुम्ही घरी पोहोचूच शकत नाही. (सूट असली तरी शाळेच्या इमारतीत बंदूक न्यायची नाहीच.)

आता पिस्तूल. तुम्ही विचारलेली दोन्ही चांगली आहेत, पण ती एका मापाची नाहीत. ग्लॉक १९ची नळी चार इंचांची, मॅगझिन १५ गोळ्यांचं, भरल्यावर वजन साडेआठशे ग्रॅमच्या आसपास. सिग पी३६५ २०१८ला आलं तेव्हा खळबळ उडाली, कारण तळहाताएवढ्या पिस्तुलात दहा गोळ्या बसत होत्या, नळी ३.१ इंच, रिकामं असताना वजन साधारण पाचशे ग्रॅम. ते खिशाजवळ विसरून जावं इतकं हलकं आहे, आणि तीच त्याची अडचण आहे. हलक्या पिस्तुलाचा धक्का हाताला जास्त बसतो, छोट्या मुठीवर करंगळीला जागा अपुरी पडते, आणि नळी आखूड म्हणून नेमाच्या दोन खुणांमधलं अंतर कमी होतं. हातातली थोडीशी थरथरही गोळी बाजूला नेते. नवशिक्याला सगळ्यात छोटं पिस्तूल द्यावं असं दुकानदाराला वाटतं, कारण ते काउंटरवर गोड दिसतं. माझं मत उलट आहे. अंगावर लपेल त्यातलं सगळ्यात मोठं घ्या.

तुम्ही सडपातळ आहात असं लिहिलंत आणि पाळीवर टी-शर्ट घालणार, म्हणून ग्लॉक १९ कदाचित बाहेर डोकावेल. मधलं माप बघा: पी३६५ एक्सएल (१२ गोळ्या, ३.७ इंच नळी), ग्लॉक ४३एक्स (दहा गोळ्या, पण १९पेक्षा बारीक) किंवा स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस. किमतीचं म्हणाल तर शोरूममध्ये यातलं बरंचसं पाचशे-सहाशे डॉलरच्या आगेमागे मिळतं, वर सेल्स टॅक्स. कॅलिबर (गोळीची जाडी) नऊ मिलिमीटर, त्यावर वाद घालत बसू नका. एफबीआयसुद्धा काही वर्षं पॉइंट ४० वापरून पुन्हा नऊवर आली. गोळी स्वस्त, धक्का सोसवणारा, म्हणून सराव होतो. भारतात नऊ मिलिमीटर निषिद्ध बोअरमध्ये मोडते आणि सामान्य माणसाला पॉइंट ३२ रिव्हॉल्व्हरवर भागवावं लागतं, त्यामुळे आपल्याकडच्या मंडळींना नऊ म्हणजे फौजी काहीतरी वाटतं. इथे ती अगदी साधी गोळी आहे. रिव्हॉल्व्हर सोपं म्हणून पाच गोळ्यांचं जे-फ्रेम सुचवणारेही भेटतील. त्याचा चाप इतका जड असतो की नेम जमवायला कित्येक महिने जातात.

पण हे सगळं वाचून ठरवू नका. नेमबाजीच्या रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. तीन-चार घ्या, प्रत्येकातून एक डबा, म्हणजे पन्नास गोळ्या, सात यार्डांवरच्या कागदावर सोडा. पहिल्या दहाकडे बघू नका, त्या सगळ्यांच्याच बऱ्या जातात. शेवटच्या दहा कुठे गेल्या ते बघा. तोवर मॅगझिन भरून अंगठा दुखायला लागलेला असतो, कानावरचे मफ घामाने चिकटलेले असतात, आणि छोटं पिस्तूल असेल तर आवाज होण्याआधीच तुम्ही नळी खाली दाबायला लागलेले असता. कागदावरच्या गोळ्या डावीकडे खाली जमा होतात. ज्या पिस्तुलाच्या शेवटच्या दहा गोळ्या हाताच्या पंजाएवढ्या जागेत राहिल्या ते तुमचं. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढणंही तिथेच करून बघा. पुढे वहिनींनाही शिकायचं असेल तर शील्ड ईझेड मुद्दाम हलक्या हाताने ओढता येईल असं बनवलेलं आहे.

ग्लॉकला वेगळा सेफ्टीचा खटका नसतो. सेफ्टी चापात असते, म्हणजे चाप दाबला की गोळी सुटणार. त्यामुळे होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाची म्यान, ही हौसेची गोष्ट नाही. कायडेक्सचं (कडक प्लास्टिकचं), त्याच मॉडेलसाठी घडवलेलं, चापाची कमान पूर्ण झाकणारं होल्स्टर आणि त्याला पेलणारा कडक पट्टा, यावर शंभर-दीडशे डॉलर वेगळे ठेवा. बाजारातलं ‘सगळ्यांना बसणारं’ मऊ कापडी होल्स्टर नको. पैंटच्या खिशात किल्ल्यांसोबत तर नकोच नको.

आता गाडी, कारण तुमचा खरा गोंधळ इथे आहे. ग्लव्ह बॉक्स ही तिजोरी नव्हे. अमेरिकेत बंदुका चोरीला जाण्याची एक मोठी जागा म्हणजे उभ्या गाड्या, आणि चोराला काच फोडून ग्लव्ह बॉक्स उघडायला अर्धं मिनिटही लागत नाही. गॅस स्टेशनच्या पार्किंगमध्ये तुमची गाडी रोज त्याच जागी, त्याच वेळी उभी राहणार. बंपरवर बंदुकीच्या कंपनीचा स्टिकर लावणं म्हणजे चोराला निमंत्रण. म्हणून गाडीसाठी वेगळं पिस्तूल घेऊ नका. एकच घ्या, ते अंगावर असू द्या, आणि गाडीत एक पोलादी लॉकबॉक्स बसवा. ज्या ठिकाणी पिस्तूल नेता येत नाही तिथे उतरताना ते त्यात जाईल, एरवी पेटी रिकामी. पेटीसोबत वळलेल्या पोलादी तारेची केबल येते. ती सीटच्या खालच्या रुळाला, जिथे सीट जमिनीला बोल्टने जोडलेली असते तिथे, वेढा घालून अडकवा. सीटच्या स्प्रिंगला नको, ती पक्कडीने तुटते. कुलूप यांत्रिक बटणांचं घ्या. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात बंद गाडीत बॅटरीवाल्या कुलपाचा भरवसा नाही. इथली दमट हवा पिस्तुलालाही सोडत नाही, घामाने स्लाइडवर गंजाचे ठिपके येतात. आठवड्यातून एकदा तेलाचं फडकं फिरवा.

बसून गाडी चालवताना कमरेच्या मागे उजवीकडे ठेवलेलं पिस्तूल सीटबेल्टच्या बकलाखाली जातं आणि तासाभरात बरगडीला टोचायला लागतं. मग माणूस सिग्नलला ते काढून दोन सीटच्या मधे ठेवतो, घरी पोहोचल्यावर अंधारात परत खोचतो. चुकून गोळी सुटते ती अशाच उठाठेवीत. काढायचंच असेल तर होल्स्टरसकट काढा आणि होल्स्टरसकटच लावा, चाप उघडा पडता कामा नये.

कुठे न्यायचं नाही ती यादी एलटीसीच्या वर्गात पाठ करून घेतातच. दोन गोष्टी लोक विसरतात. पोस्ट ऑफिस केंद्राचं आहे, तिथल्या पार्किंगलाही तोच नियम. आणि दारावर ३०.०६ (लपवून पिस्तूल न्यायला मनाई) किंवा ३०.०७ (उघड न्यायला मनाई) कलमाचा बोर्ड असेल तर मागे फिरायचं. देवळाच्या दारावरही तो असू शकतो, आधी बघून घ्या. राज्य ओलांडताना आणखी जपा. टेक्सासचं लायसन्स न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात चालत नाही. एडिसनच्या नातेवाइकांकडे गाडीने जाताना ‘टेक्सासला चालतं’ म्हणून सोबत नेलंत तर न्यू जर्सीत तो थेट तुरुंगाचा गुन्हा आहे.

पोलिसाने गाडी थांबवली तर आपल्याकडची सवय विसरा. आपण उतरून ‘साहेब, साहेब’ करत पुढे जातो. इथे उतरायचं नाही. आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि त्याने ओळखपत्र मागितलं की ड्रायव्हिंग लायसन्ससोबत एलटीसीही द्या. जवळ पिस्तूल असेल तर एलटीसी दाखवणं कायद्याने लागतं. पिस्तूल कुठे आहे हे तोंडाने सांगा, हाताने दाखवायला जाऊ नका.

दुकानाबद्दल भावाशी आधीच बोलून ठेवा. गल्ल्यातले पैसे मागितले तर द्यायचे. रात्रीच्या चोरीत मालमत्तेसाठीही बंदूक चालवायची टेक्सासचा कायदा काही मोकळीक देतो, असं काउंटरवरचे जुने लोक ऐकवतील, पण त्या मोकळिकीची कसोटी कोर्टात लागते आणि वकिलाचं बिल गल्ल्यापेक्षा कितीतरी मोठं असतं. रस्त्यावर कुणी गाडी आडवी घातली, शिवी दिली, तर पिस्तूल नुसतं दाखवणंसुद्धा गंभीर गुन्ह्यात जाऊ शकतं. जाऊ द्या त्याला पुढे.

घरी सात वर्षांचा मुलगा आहे, म्हणून लॉकबॉक्सइतकीच घरातली तिजोरी पहिल्या दिवसापासून हवी. निष्काळजीपणाने ठेवलेली भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो टेक्सासमध्ये गुन्हा आहे, त्याने ती चालवली नाही तरी. कपाटावर उंच ठेवलं म्हणजे सुरक्षित, असं समजू नका. त्या वयात स्टूल ओढणं फार सोपं असतं.

क्रम असा ठेवा: आधी कार्ड आणि ड्रायव्हिंग लायसन्स, मग रेंजवर भाड्याची पिस्तुलं, मग एलटीसीचा वर्ग, मग तिजोरी आणि लॉकबॉक्स, सगळ्यात शेवटी पिस्तूल. तीन-चार महिने सहज जातील, जाऊ द्या. तेवढ्या काळात रात्री घरी जायचा उजेडाचा रस्ता, पेट्रोल दिवसाच भरणं आणि गाडीत बसल्याबरोबर दारं लॉक करणं या सवयी लागल्या तर निम्मं काम झालंच.

आणि भारतात सुट्टीला जाताना रेंजवर नेलेली बॅग कधीही घेऊ नका. कोपऱ्यात, अस्तराच्या आत एखादी गोळी राहते आणि विमानतळाच्या स्कॅनरवर दिसते. भारतात एका जिवंत काडतुसावरूनही शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, मग सुट्टी वकिलाच्या ऑफिसात जाते. रेंजची बॅग वेगळ्या रंगाची घ्या आणि ती गॅरेजमध्येच राहू द्या.