‘अंमलबजावणीशास्त्र’ म्हणावं का?

मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवणाऱ्या मॅडमना सहकाऱ्यांसाठी मराठीतून टिपण लिहायचं आहे. विषय आहे ‘इम्प्लिमेंटेशन सायन्स’, म्हणजे सिद्ध झालेली गोष्ट रोजच्या कामात कशी उतरवायची याचा अभ्यास, आणि त्याचा वैद्यकीय शिक्षणातला उपयोग. त्या विचारतात: ‘कार्यान्वयन विज्ञान’ लिहू की ‘अंमलबजावणीशास्त्र’? क्रियापद ‘लागू करणे’ घेऊ की ‘राबवणे’? आणि जुनी चुकीची पद्धत बंद पाडण्याला या विषयात ‘डी-इम्प्लिमेंटेशन’ म्हणतात, त्याला काय म्हणायचं?

‘कार्यान्वयन’ मी घेणार नाही. ते हिंदी सरकारी कागदांतलं आहे. मराठीत ‘कार्यान्वित’ होते ती लिफ्ट, किंवा नवा डायलिसिस कक्ष. बटण दाबलं, सुरू झालं. तुमच्या विषयाचा प्रश्न तर त्याच्या पुढचा आहे. ‘विज्ञान’ही नको, आपण वैद्यकशास्त्र म्हणतो, शरीररचनाशास्त्र म्हणतो, त्याच रांगेत हे बसतं.

‘अंमलबजावणी’ मात्र थोडं थांबून पाहण्यासारखा शब्द आहे. ‘अंमल’ हा अरबी ‘अमल’वरून आला, अर्थ काम, कृती. मराठीत त्याला अनुस्वार चढला आणि सत्तेचा वासही लागला: पेशव्यांचा अंमल, पोलीस अंमलदार, अफूचा अंमल. ‘बजावणी’च्या मुळाशी फारसी ‘बजा’ आहे, म्हणजे जागच्या जागी, यथास्थित. बजा आणणं म्हणजे पार पाडणं. कर्तव्य बजावणं, मतदानाचा हक्क बजावणं यांत तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. पण रोजच्या कानाला ऐकू येतं ते वेगळंच. नोटीस बजावतात, समन्स बजावतात, आई ‘तुला बजावून सांगितलं होतं ना’ म्हणते. सगळं वरून खाली येणारं.

आणि इथेच खरी गोम आहे. एमबीबीएसचा क्षमताधारित अभ्यासक्रम 2019 साली देशभर लागू झाला. त्यात रुग्णाशी बोलणं-वागणं शिकवणारा एटकॉम आला, लॉगबुक आली. ‘बजावणी’ झालीच की! माझी भाची शहरातल्याच एका कॉलेजात शिकते. तिने तिची लॉगबुक मला दाखवली. एकेका कौशल्यापुढे रकाने आहेत: तारीख, पहिला प्रयत्न की पुन्हा, अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतकं की जास्त, शेवटी शिक्षकांची सही. तीन महिन्यांच्या तारखा एकाच निळ्या पेनने, एकाच लयीत लिहिलेल्या होत्या आणि सगळीकडे ‘अपेक्षेइतकं’चा ‘एम’. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी कॅन्टीनमध्ये बसून भरली, असं तिने सरळ सांगितलं. मुलगी आळशी नाही. वॉर्डात पेशंटची रीघ, सरांच्या हातात वेळ नाही, आणि ‘एम’ऐवजी ‘बी’, म्हणजे ‘अपेक्षेपेक्षा कमी’, दिला तर पुन्हा शिकवायला बसायचं कधी, हे कुणीच ठरवलेलं नाही. ठरवलेलं असतं तर ‘बी’ची भीती कुणालाच वाटली नसती. हुकूम पोचला, काम कागदावर राहिलं. ते का राहिलं आणि काय केलं तर वॉर्डात उतरेल, हे शोधणारं ते तुमचं शास्त्र.

यासाठी मराठीत तयार जोडी आहे: कळतं पण वळत नाही. 1847 साली व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने दाखवलं, की विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींच्या वॉर्डात येतात, त्यांनी क्लोरिनच्या पाण्यात हात धुतले की मृत्यू झपाट्याने घटतात. पुरावा समोर होता. तरी त्याच्या हयातीत बहुतेक डॉक्टरांना ते वळलं नाही, आणि पुष्कळांना तर कळूनही घ्यायचं नव्हतं. कळण्यापासून वळण्यापर्यंतची वाट कशी चालायची, हा या शास्त्राचा गाभा. टिपणाच्या पहिल्याच परिच्छेदात तुम्ही ही जोडी वापरलीत तर व्याख्या द्यायची गरजच उरणार नाही.

म्हणून माझं मत असं. शास्त्राचं नाव ‘अंमलबजावणीशास्त्र’च ठेवा, वाचणाऱ्याला अडत नाही. पण मजकुरात प्रत्येक ठिकाणी ‘अंमलबजावणी’ लिहू नका, तिथे मराठीची क्रियापदं कामाला घ्या. 2011 साली इनोला प्रॉक्टर आणि सहकाऱ्यांनी या क्षेत्रात मोजायच्या आठ गोष्टी मांडल्या. त्यांतल्या बऱ्याच आपल्याकडे एका क्रियापदात मावतात: लोकांना पटलं का, झेपलं का, किती खोल झिरपलं, टिकलं का. ‘फिडेलिटी’ला तर ‘बरहुकूम’ आहे. कार्यक्रम मूळ आराखड्याबरहुकूम झाला की नाही, असं विचारा. ‘निष्ठा’ नको, ती माणसांशी असते.

‘राबवणे’ योजनेला आणि मोहिमेला चालतं, पल्स पोलिओ मोहीम राबवली असं आपण म्हणतो. त्यात ‘राबणे’ दडलेलं आहे, आणि तिथे राबणारे असतात इंटर्न, सिस्टर, वॉर्डातल्या मावशी. हा शब्द लिहिताना ते लोक डोळ्यांसमोर यावेत असं मला मनापासून वाटतं. एटकॉम राबवा, लॉगबुक राबवा. शास्त्र मात्र राबवत नाहीत. त्याचा उपयोग करतात, ते लावून पाहतात. तेव्हा शीर्षक ‘वैद्यकीय शिक्षणात अंमलबजावणीशास्त्राचा उपयोग’. ‘लागू करणे’ अभ्यासक्रमासाठी राखून ठेवा, तो राष्ट्रीय वैद्यकीय आयोग लागू करतो.

राहिलं डी-इम्प्लिमेंटेशन. ‘निरंमलबजावणी’ असलं काही घडवू नका. मराठीत ‘पायंडा’ आहे, तो पडतो आणि मोडताही येतो. इंजेक्शन दिल्यावर सुईला दोन्ही हातांनी टोपण परत लावायचं नाही, हे प्रत्येक इंटर्नला शिकवलेलं असतं. पण रात्रपाळीला रेसिडेंट तेच करताना दिसतो आणि सकाळपर्यंत इंटर्नचाही हात तसाच वळलेला असतो. अशी जागा टिपणात आली, की तिथे ‘पायंडा मोडणे’ लिहा.