मोजणीचा कागद आधी मागून घे

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. रात्री अकरानंतर वस्तीवर पवनचक्क्यांचा आवाज घुमतो, म्हातारी माणसं कूस बदलत पडून राहतात आणि ग्रामपंचायतीत विचारायला गेलं की "आवाजाची मोजणी झाली आहे, सगळं नियमात आहे" एवढंच ऐकवतात, हे वाचून जीव तळमळला. तू ग्रामपंचायतीची नवीन सदस्य आहेस, रक्त तापणारच. पण रास्ता रोकोचं म्हणतेस, त्याला जरा दम धर. मोजणी झाली असेल तर तिचा कागद असणार, आणि तो गावातल्या एकानंही पाहिलेला नाही. आज तुझं भांडण या कागदासाठी आहे.

माझ्या मनात वर्षानुवर्षं सलणारी एक गोष्ट सांगतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या सातारा जिल्ह्यात वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या यायला लागल्या. पुढे एका गावात मी ग्रामसेवक असताना ग्रामसभेत पवनचक्क्यांच्या ना हरकत दाखल्याचा विषय आला. अजेंड्यावर तो नव्हता. निम्मी माणसं उठून गेल्यावर "आयत्या वेळचे विषय" म्हणून तो पुढे आला. प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, मी लिहिलं, "सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर." चर्चा झालीच नव्हती. सूचक-अनुमोदकांची नावं घातली, सरपंचांची सही झाली, खाली माझी. वर्षभरानं वस्तीवरची एक बाई आली आणि म्हणाली, "भाऊसाहेब, आम्हाला कुणी इचारलं?" मी वही उघडली. हजेरीच्या पानावर तिच्या नवऱ्याचा अंगठा होता. तो आला होता पाण्याच्या टाकीचं काय झालं ते विचारायला. मला तिला उत्तर देता आलं नाही. म्हणून तुला सांगतो, सगळ्यात आधी तुमच्या गावचा मूळ ठराव काढ. तारीख, अजेंडा, हजेरी आणि ठरावाचा मजकूर, चारही पानं शेजारी शेजारी ठेवून वाच.

या ठरावाला एवढं महत्त्व का, ते समजून घे. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्प येत नाहीत, त्यामुळे जनसुनावणी होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१६ मध्ये पवनऊर्जेला 'पांढऱ्या' गटात टाकलं. त्या गटाला मंडळाची संमती लागत नाही, नुसतं कळवलं की झालं. धूर नाही, सांडपाणी नाही, म्हणून ते एका अर्थी बरोबरही आहे. पण आवाजाबद्दल गावाला तोंड उघडायला सरकारनं जागाच ठेवली नाही. उरली ती ग्रामसभा. तीही आयत्या वेळच्या विषयात गेली, तर माणसानं जायचं कुठं?

आता मोजणीचं. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. एकानं दुपारी बारा वाजता एस.टी. थांब्याजवळ यंत्र धरलं, तर तो आकडा तुमच्या कामाचा नाही. रात्री जमिनीलगत वारा पडतो, झाडाचं पानही हलत नाही, आणि वर पात्यांच्या उंचीवर तो जोरात वाहत असतो. दिवसा वाऱ्याच्या सळसळीत जो आवाज झाकला जातो तो रात्री उघडा पडतो. म्हणून अहवालात नुसता आकडा बघू नकोस. कुणाच्या अंगणात मोजलं, किती वाजता, किती वेळ, यंत्र बरोबर मोजतं याचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र आहे का, आणि मुख्य म्हणजे त्या वेळी वरची चक्की किती जोरात फिरत होती, हे शोध. प्रत्येक चक्कीचा वाऱ्याचा वेग आणि वीजनिर्मिती कंपनीच्या संगणकात दर दहा मिनिटांनी नोंदली जाते. ती नोंद जोडल्याशिवाय मोजणी अर्धीच. बंद चक्कीखाली मोजलं तर शांतताच सापडेल.

हे कागद मागायचा माहिती अधिकाराचा अर्ज साधा ठेव. आपल्या राज्यात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लाव. तक्रारी, भावना अर्जात घालू नकोस. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. "ही कंपनीची व्यापारी माहिती आहे" असं सांगतील. त्याच कायद्याच्या कलम ८ मध्ये व्यापक जनहितासाठी ती देता येते असंही लिहिलेलं आहे. चक्क्यांच्या जागांचे नकाशे महाऊर्जाकडे, म्हणजे राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेकडे, माग. घरापासून ५०० मीटरच्या आत चक्की नको, असं केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात. तुमच्या जुन्या चक्क्या त्याआधीच्या आहेत, पण जुन्या काढून तिथे मोठ्या बसवण्याचं धोरण आता आलेलं आहे. तो प्रस्ताव आला की हे अंतर टेपनं मोजून घ्या.

एक अवघड गोष्ट राहिली. तुझ्या चुलत्यांच्या रानात चक्की आहे आणि त्यांना कंपनीकडून पैसे मिळतात, हे मला ठाऊक आहे. गावालाही ठाऊक आहे. ग्रामसभेत ते पहिल्यांदा तू बोल, दुसऱ्यानं उकरून काढायच्या आत. आणि मोजणी रात्री नीट झाली, दोन्ही बाजूंची माणसं हजर राहिली, आणि आकडा ४५ च्या आत आला, तर तोही कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर तुझ्याच हातानं लाव. वाईट आकडा तेवढा लावायचा आणि चांगला दडवायचा, हे मी केलं त्याच जातीचं काम होईल. चक्कीवाले आणि वस्तीवाले हे एकाच भावकीतले आहेत, लग्नात एका पंक्तीला बसणारे. त्यांच्यापुढे तोच एक कागद यायला हवा.

१५ ऑगस्टची ग्रामसभा जवळ आली आहे. "पवनचक्क्यांच्या ध्वनिमापन अहवालाचे वाचन" हा विषय अजेंड्यावर घ्यावा असं लेखी पत्र उद्याच दे आणि पोच घे. शिक्क्याखाली तारीख उमटली आहे का, तिथेच उभी राहून बघ. सभेच्या दिवशी प्रोसिडिंग लिहून होईपर्यंत जागेवरून उठू नकोस, आणि सही करण्याआधी मजकूर मोठ्यानं वाचायला लाव. आईला नमस्कार सांग.

तुझा,
भाऊसाहेब