संडास-बाथरूम एक करायचंय, परवानगी कुणाची?

प्रश्न : आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. 1993 सालची चार मजली इमारत, सोसायटी नोंदणीकृत. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. घरात एकच संडास, तोही भारतीय पद्धतीचा, आणि त्याला लागून न्हाणीघर. सासऱ्यांचं वय 76, गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, खाली बसता येत नाही. म्हणून मधली भिंत काढून दोन्ही एक करायचं आणि कमोड बसवायचा असं ठरवलं. ठेकेदार म्हणाला, घरातल्या कामाला परवानगी कसली? तिसऱ्या दिवशी संडासाचं भांडं निघाल्यावर सेक्रेटरींनी काम थांबवलं. म्हणतात, महापालिकेची परवानगी आणा. पालिकेत तोंडी विचारलं तर म्हणाले, सोसायटीचं पत्र घेऊन या. खालच्या काकूंनी छताला ओल येते म्हणून अर्ज दिलाय. सोसायटी 500 रुपयांच्या स्टँपवर हमीपत्र आणि 25 हजार डिपॉझिट मागते. ठेकेदार आता आणखी सुचवतोय की तोडलंच आहे तर स्वयंपाकघरातली दोन फूट जागा घेऊन बाथरूम मोठं करू. सध्या आम्ही समोरच्यांचा संडास वापरतो. काय करावं?

उत्तर : ताई, आधी ठेकेदाराचं ते शेवटचं सुचवणं डोक्यातून काढा. का, ते पुढे सांगतो. बाकीचं काम होण्यासारखं आहे, आणि मनावर घेतलं तर आठवडाभरात पुन्हा सुरू होईल.

तुमच्या कामाला महापालिकेची परवानगी लागते का? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 म्हणजे आपण ज्याला एमआरटीपी म्हणतो, त्याच्या कलम 43 मध्ये याचं उत्तर आहे. विकासकामाला परवानगी हवी असं ते कलम सांगतं आणि लगेच काही कामं वगळतं. इमारतीच्या फक्त आतल्या भागापुरती किंवा बाहेरचं रूप फारसं न बदलणारी देखभाल, सुधारणा आणि फेरफाराची कामं त्या वगळलेल्यांत येतात. लाद्या बदलणं, प्लास्टर, नळ आणि आतले पाइप नवे टाकणं, भारतीय भांडं काढून कमोड बसवणं ही सगळी आतली कामं. दोन खोल्यांमधली चार इंची विटांची भिंत ही नुसती आडोशाची भिंत असेल, तर तीही यातच मोडते.

ही सगळी 'असेल तर'ची भाषा आहे. त्याच कायद्यात 'विकास' या शब्दाच्या व्याख्येत इमारतीतला कोणताही महत्त्वाचा बदलही धरलेला आहे. तुमची भिंत बीम-कॉलमच्या सांगाड्यात नंतर भरलेली असेल तर ती फक्त स्वतःचं वजन पेलते. पण नौपाडा-पाचपाखाडीच्या जुन्या वस्तीत अजूनही काही इमारती अशा आहेत की भिंतीच स्लॅब पेलतात. तिथे नऊ किंवा चौदा इंची भिंतीला हात लावला तर वरच्या दोन मजल्यांचा आधार काढल्यासारखं होतं. तिथे आतलं काम-बाहेरचं काम हा भेदच उरत नाही, परवानगी लागते. परवानगीशिवाय केलं तर कलम 52 मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. 1993ची चार मजली इमारत बहुधा आरसीसी सांगाड्याची असणार, पण हे मी ऑफिसात बसून ठरवू नये आणि ठेकेदाराने तर मुळीच ठरवू नये. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा. भिंत भार पेलणारी नाही, बीम, कॉलम आणि स्लॅबला धक्का लागत नाही, हे त्याच्या लेटरहेडवर आणि शिक्क्यानिशी लिहून घ्या. हा एक कागद हातात आला की तुमचं निम्मं भांडण मिटतं.

व्हॉट्सअॅपवर सोसायट्यांच्या ग्रुपात एक यादी फिरते, 'कलम 342 प्रमाणे या दुरुस्त्यांना परवानगी नको' अशी. त्यात लाद्या, संडास-मोरीची दुरुस्ती, पाइप बदलणं असं सगळं असतं. यादी खरी आहे, पण ती मुंबई महापालिकेच्या 1888 सालच्या कायद्यातली. ठाण्याला आणि नवी मुंबईला 1949चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्यात वाढीव बांधकामाची आणि ठरावीक बदलांची नोटीस आयुक्तांना द्यावी लागते ती कलम 254 खाली. सेक्रेटरींसमोर 342चा कागद नाचवू नका, कुणी जाणकार असला तर हसं होईल.

आता सोसायटी. इथे तुमची चूक आहे, ती मान्य करूनच पुढे जा. आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, स्पष्ट आहे की समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय सभासदाने फ्लॅटमध्ये फेरबदल किंवा वाढीव काम करू नये. पालिकेची परवानगी लागत नाही म्हणून सोसायटीचीही लागत नाही, हा ठेकेदारी कायदा झाला. फ्लॅट तुमचा असला तरी तुमची जमीन हेच काकूंचं छत आहे आणि संडासाचा उभा पाइप वरच्या-खालच्या घरांचाही आहे. तेव्हा काम थांबवण्यात सेक्रेटरी चुकले नाहीत. चुकले ते महापालिकेकडे बोट दाखवून. ज्या कामाला कायदा परवानगी मागत नाही, त्याचा कागद पालिका देणार कुठून? आणि खिडकीवर कुणी सोसायटीचं पत्र मागितलं तर त्यातही वावगं काही नाही. सोसायटीची संमती नसलेल्या अर्जावर पुढे काही होत नाही.

उद्याच अर्ज द्या. विषय, 'फ्लॅटमधील संडास व न्हाणीघर एकत्र करण्यासाठी परवानगी'. पहिल्याच ओळीत लिहा की पूर्वपरवानगी न घेता काम सुरू झालं याबद्दल दिलगीर आहोत. एका वाक्याने समितीचा अर्धा राग उतरतो, हे मी अनेकदा पाहिलंय. सोबत इंजिनिअरचं पत्र, हाताने काढलेला का होईना पण मापांसहित नकाशा, कामाचे दिवस आणि वेळा, डेब्रिज कोण उचलणार आणि ते जिन्यात किंवा आवारात पडून राहणार नाही याची हमी जोडा. डेब्रिज नाल्याकाठी किंवा खाडीकडेला टाकणारे टेम्पोवाले स्वस्त पडतात, पण कचरा तुमच्या घरातला असतो. सासऱ्यांचं डॉक्टरांचं पत्रही लावा. घरात दुसरा संडास नाही, म्हणून समितीची सभा तातडीने बोलवावी अशी विनंती करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच आणि तारीख घ्यायला विसरू नका. सेक्रेटरी घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

समितीकडे एक गोष्ट तुम्हीही मागा, स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल. उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडलेल्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. 1949च्या कायद्यातही कलम 265अ खाली 30 वर्षांवरच्या इमारतींना ऑडिट बंधनकारक आहे. तुमची इमारत त्यात बसते. अहवाल असेल तर इंजिनिअरला दाखवा. इमारत सी-1 म्हणजे अतिधोकादायक वर्गात असेल तर बाथरूमवर पैसे घालण्यातच अर्थ नाही. अहवाल नसेल, तर ज्यांनी इतकी वर्षं ऑडिट केलं नाही त्यांनी तुमच्या चार इंची भिंतीवरून इमारतीच्या सुरक्षिततेचं प्रवचन द्यावं, यातली गंमत त्यांनाही समजेल.

काकूंचा अर्ज मात्र मनापासून घ्या. उपविधींत वाटणी अशी आहे : गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, फ्लॅटच्या संडास-बाथरूममधून होणारी त्या सभासदाने स्वखर्चाने. ओल तुमच्या सन्कनमधून (संडास-मोरीखालच्या खोलगट स्लॅबमधून) येतेय की उभ्या पाइपाच्या सांध्यातून, हे फोडल्यावरच कळतं, आणि आता तुमचं फोडलेलंच आहे. इंजिनिअर आणि प्लंबर आले की काकूंना आणि समितीतल्या एकाला वर बोलवा, सगळ्यांसमक्ष बघून घ्या. त्याआधी काकूंच्या घरी जाऊन छताचे, भिंतीच्या पोपड्यांचे फोटो तारखेसहित काढा आणि एका कागदावर दोघींच्या सह्या घ्या. पुढे कुणी 'ही भेग तुमच्या ब्रेकरने पडली' म्हणालं तर तो कागद बोलेल. काम झाल्यावर लाद्या बसवण्याआधी वॉटरप्रूफिंगवर पाणी भरून दोन दिवस ठेवा. खालून छत कोरडं आहे हे काकूंकडून लिहून घ्या. त्यांच्या मनातली धास्ती खरं तर एवढ्यानेच जाते.

आता ते हमीपत्र. तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात लिहिलंय, 'यापुढे इमारतीत कोणत्याही कारणाने गळती अथवा नुकसान झाल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी माझी राहील.' यावर सही करू नका. उद्या चौथ्या मजल्यावर गच्चीतून पाणी आलं तरी हा कागद तुमच्या नावाने काढतील. त्याजागी लिहा : 'सदर कामामुळे सामाईक पाइपलाइनचे किंवा शेजारील फ्लॅटचे नुकसान झाल्याचे तज्ज्ञाच्या तपासणीत आढळल्यास त्याची दुरुस्ती मी स्वखर्चाने करीन.' समिती एवढं मान्य करायला तयार नसेल तर मला मसुदा दाखवा. डिपॉझिटबद्दल विचारा की सर्वसाधारण सभेचा ठराव आहे का आणि सगळ्यांकडून घेतात का. दोन्हींचं उत्तर हो असेल तर भरा. पावतीवर 'काम पूर्ण झाल्यावर परत' हे शब्द हवेत. 'देणगी' शब्द दिसला तर पैसे खिशातच ठेवा.

एवढं करूनही समितीने कारण न देता नकार दिला किंवा गप्प बसली, तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. सहकार कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयातही जाता येतं, तिथे अंतरिम आदेश मागता येतो. पण सासऱ्यांना रोज सकाळी समोरच्या घरी न्यावं लागतंय तोवर तारखांच्या मागे लागणं मला शहाणपणाचं वाटत नाही.

आता स्वयंपाकघरातल्या त्या दोन फुटांविषयी. तुमच्या संडास-मोरीखालची स्लॅब मुद्दाम खाली घेतलेली असते, तीच सन्कन. त्यात पाइप दडतात आणि वर वॉटरप्रूफिंग बसतं. स्वयंपाकघराखाली सन्कन नसते. म्हणजे तिथे ट्रॅप (सांडपाणी पाइपात सोडणारं वळणाचं तोंड) बसवायचा तर एकतर जमीन वर उचलायची किंवा स्लॅबला भोक पाडून पाइप काकूंच्या ओट्यावर लोंबत सोडायचा. त्यांच्या डाळीच्या पातेल्यावर तुमच्या संडासाचा पाइप! काकू हे मान्य करणार नाहीत आणि न्यायालयही करणार नाही. जमीन उचलली तर वजनाचं बघा. सुमारे 28 चौरस फुटांच्या जागेत सहा इंच ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) वाढवला तरी पाऊण टन भार होतो. तिशी ओलांडलेल्या स्लॅबवर तो घालायला कोणता इंजिनिअर सही देईल? शिवाय राज्याच्या 2020च्या विकास नियमावलीत, ज्याला सगळे युडीसीपीआर म्हणतात, संडासाचं दार थेट स्वयंपाकघरात उघडायला मनाई आहे. ठेकेदाराच्या नकाशात दार नेमकं ओट्यासमोर येतं. डक्टमधली, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या पोकळीतली, जागा घ्यायचं त्याने सुचवलं तर त्यालाही नाही म्हणा, ती सगळ्यांची आहे.

कमोडही त्याच कोपऱ्यात ठेवा जिथे भांडं होतं, म्हणजे चार इंची उभ्या पाइपाला नवं तोंड पाडावं लागणार नाही. समोरच्या भिंतीला न्यायचा तर उतार मिळवायला जमीन उचलावी लागते आणि उंबऱ्याला पायरी येते. गुडघ्याच्या माणसाला तीच पायरी नडते. कमोडशेजारच्या भिंतीवर हाताला धरायचा स्टीलचा दांडा बसवायचा असेल तर आताच सांगून ठेवा. लाद्या बसल्यावर भोकं पाडली की वॉटरप्रूफिंगला तिथूनच वाट फुटते.

मंजूर नकाशाची प्रत सोसायटीकडे नसेल तर माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर पालिकेकडून मिळते. त्याला 30 दिवस लागू शकतात, म्हणून काम त्यासाठी अडवू नका, पण अर्ज टाकून ठेवा. पुढे फ्लॅट विकताना तो नकाशा आणि इंजिनिअरचं पत्र दोन्ही लागतील. आणि ठेकेदाराला राहिलेले पैसे काकूंचं छत कोरडं निघाल्यावरच द्या. तोवर मेडिकल स्टोअरमधून खुर्चीचा कमोड भाड्याने आणा. समोरच्यांचीही सकाळ जरा मोकळी होईल.