दगडातलं पाणी

प्रश्न : शुक्रासाठी इथिओपियन ओपलची अंगठी करून घेतली. घालण्याआधी रात्रभर पंचामृतात ठेवली होती. सकाळी पाहिलं तर खडा काचेसारखा आरपार दिसतोय, आतले रंग गायब. खडा खोटा निघाला का? – एक वाचक, सातारा

उत्तर : रंग गेले एवढ्यावरून खडा खोटा ठरत नाही. इथिओपियाच्या वोलो भागात २००८ साली ओपलची मोठी खाण सापडली, आणि आज आपल्याकडे येणारा बराचसा माल तिथलाच असतो. हा ओपल सच्छिद्र असतो. सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे एकावर एक रचलेले, मधल्या फटींत हवा. या रचनेतून प्रकाश फुटतो म्हणून रंग खेळतात. फटींत पाणी भरलं की गोळे आणि फट यांतला फरक जवळजवळ मिटतो आणि खडा पारदर्शक होतो. नुसतं पाणी असतं तर काळजी नव्हती, ते उडून जातं. पंचामृतातलं तूप, मध आणि साखर मात्र उडत नाही.

म्हणून उशीर करू नका. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वाटीत घेऊन अंगठी त्यात तीन-चार तास ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला. साखर आणि मध बऱ्यापैकी निघतील. साबण नको, गरम पाणी तर नकोच. मग मऊ सुती कापडाने टिपून अंगठी सावलीत, झाकण किलकिलं ठेवलेल्या डबीत ठेवा. ऊन, हेअर ड्रायर, तांदळाचा डबा यांच्या नादी लागू नका. पृष्ठभाग आधी सुकतो, आतलं ओलं राहतं आणि या ताणाने खड्याला केसासारख्या भेगा जातात. मध्येच खडा दुधाळ, निस्तेज दिसेल. घाबरू नका, फटी अर्धवट रिकाम्या झाल्याची ती खूण आहे. सोनाराच्या काट्यावर अंगठीचं वजन करत राहा. लागोपाठ दोन-तीन दिवस वजन उतरलं नाही, की खडा सुकला. याला कधी चार दिवस लागतात, कधी दोन-तीन आठवडे. त्यानंतरही पिवळट झाक राहिली तर ती तुपाची, आणि ती घरी निघत नाही.

पुढे विधी करायचाच असेल तर फुलाने पंचामृत कड्याला मागच्या बाजूने लावा, खड्याला नको. भांडी घासताना, डोक्याला तेल लावताना, हळद हाताळताना अंगठी काढून ठेवा. विकत घेताना सुट्ट्या खड्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब जिरला तर खडा सच्छिद्र, मग ही सगळी पथ्यं आली. काळा इथिओपियन ओपल स्वस्तात मिळत असेल तर धूर देऊन काळा केला आहे का, हे स्पष्ट विचारा. ऑस्ट्रेलियन ओपल सहसा असं पाणी पीत नाही. पण पातळ चकती खाली काळा दगड चिकटवून विकलेली असेल, तर भिजवल्यावर जोडाचा डिंक कडेने पांढुरका होतो.

प्रश्न : जळगावकडच्या खाणीतला हिरवा अपोफिलाइट आणि पांढरा स्टिल्बाइट या खनिजांचे स्फटिक असलेला दगड मिळाला आहे. माती फार आहे. बाथरूमच्या ॲसिडने धुवू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अजिबात नको. ॲसिडने दगडावरचं कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, फसफसून विरघळतं हे खरं, पण त्याबरोबर अपोफिलाइटची चकाकीही जाते. शिवाय या खनिजांच्या घडणीतच पाणी असतं. स्टिल्बाइटच्या जातीचा दगड तापवल्यावर वाफ सोडून उकळल्यासारखा दिसला, म्हणून स्वीडनचे खनिजतज्ज्ञ क्रोनस्टेट यांनी १७५६ साली या गटाला ‘उकळणारा दगड’ या अर्थाचं झिओलाइट हे नाव दिलं. अपोफिलाइट झिओलाइट नव्हे, पण तापला की त्याचे पापुद्रे सुटतात. त्यामुळे उकळतं पाणी वर्ज्य. गार पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, रात्रभर भिजवा, रंगकामाच्या मऊ कुंचल्याने माती सोडवा, खाचेतली बांबूच्या काडीने काढा. काडी स्फटिकावर दाबू नका. अपोफिलाइट आडवा सपाट फुटतो आणि टोकं उडतात.

दगडावर कापसाच्या बोंडासारखे पांढरे गोळे असतील तर ते ओकेनाइट. त्यांना पाणीही नको, बोटही नको. एकदा तंतू चिकटले की पुन्हा फुलत नाहीत. कॅमेऱ्याच्या लेन्सचा रबरी फुंकर-पंप लांबून वापरा.

प्रश्न : वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट हा स्फटिक अंगठीत बसवता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. एक ते दहाच्या मोहस मापावर त्याचा कठीणपणा ३ ते ४, आणि घरातल्या धुळीतल्या वाळूचा ७. नुसतं पुसतानाही ओरखडे पडतील. त्यातही तो बारीक काट्यांच्या झुपक्यात वाढतो, पैलू पाडण्याजोगा अखंड तुकडा मिळणं कठीण. स्टिल्बाइटवर बसलेला तसाच झाकणाच्या डबीत ठेवा, आणि हलवताना खालच्या दगडाला धरा.