उकाड्यातली ट्रायथलॉन, तीही परदेशात

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: सराव गारव्यात झालाय, शर्यत मात्र परदेशात आणि रणरणत्या उन्हात. म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: समुद्रकाठच्या दमट ठिकाणी ऑलिंपिक अंतराची (1.5 किमी पोहणं, 40 किमी सायकल, 10 किमी धावणं) माझी पहिली शर्यत आहे. रजा जेमतेम आठवड्याची. तेवढ्यात उकाडा अंगवळणी पडेल का?

उत्तर: पूर्ण नाही. शिवाय शर्यतीआधीचा आठवडा विश्रांतीचा असतो, तो घाम गाळण्यात घालवू नका. शरीराला उष्णतेशी जुळवून घ्यायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला द्रवभाग वाढतो, त्यामुळे त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. घाम लवकर सुटणं, जास्त येणं आणि त्यातलं मीठ कमी होणं, हे त्याच्या मागून येतं.

म्हणून ही तयारी घरूनच करून निघा. शर्यतीला तीन आठवडे उरले की रोज 60 ते 90 मिनिटं बंद खोलीत, पंखा न लावता, ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) सायकल चालवा. वेग हलका ठेवा. जोरकस इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हलकं) गारव्यातच करा. उकाड्यात ते धड होत नाहीत आणि थकवा तेवढा पदरी पडतो. दुसरा मार्ग गरम पाण्याच्या टबाचा. व्यायाम संपल्या संपल्या 40 अंश सेल्सिअसच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसायचं. सुरुवात 15-20 मिनिटांनी करून हळूहळू 40 मिनिटांपर्यंत जा. बाहेर येताना झटकन उभं राहू नका, चक्कर येते. घरात कुणीतरी असायला हवं. गरोदरपण, हृदयविकार किंवा रक्तदाबाची गोळी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नका.

कमावलेली सवय आठवडाभराच्या खंडातही ओसरू लागते. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात दर दोन-तीन दिवसांनी उकाड्यातली एक छोटी फेरी ठेवा आणि शर्यतीच्या चार-पाच दिवस आधी पोहोचा.

प्रश्न: पाणी किती प्यावं? कुणी म्हणतं तहान लागेल तेव्हा, कुणी म्हणतं सतत पीत राहा. मिठाच्या गोळ्या घ्याव्यात का?

उत्तर: आधी स्वतःचा घाम मोजा. तासभराच्या सरावाआधी आणि नंतर, अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. आधी 62 किलो, नंतर 61.1 आणि मधे अर्धा लिटर पाणी प्यालात, तर 0.9 अधिक 0.5, म्हणजे ताशी 1.4 लिटर घाम. मधे लघवी झाली असेल तर ती वजा करा. सायकल आणि धावणं यांचं मोजमाप वेगवेगळं, आणि शक्यतो शर्यतीसारख्याच हवेत करा.

गेलं तेवढं सगळं भरून काढायला जाऊ नका. धावताना ताशी 800 मिलिलिटरच्या पुढे बहुतेकांचं पोट डुचमळायला लागतं. शेवटी वजन दोनेक टक्क्यांनी कमी भरलं तर घाबरण्यासारखं काही नाही. शर्यतीनंतर वजन वाढलं असेल तर मात्र नक्की चुकलं. पाणी अति झालं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोटं सुजतात, अंगठी रुतते, डोकं दुखतं, मळमळतं, पुढे भान हरपतं आणि जिवावरही बेतू शकतं. मिठाच्या गोळ्या यातून वाचवत नाहीत, कारण मूळ चूक जास्त पिण्याची असते.

मिठाचं प्रमाण माणसागणिक बदलतं. एक लिटर घामात साधारण 400 ते 1500 मिलिग्रॅम सोडियम असतं. वाळलेल्या टोपीवर पांढरे पट्टे उमटत असतील तर तुम्ही वरच्या टोकाला असण्याची शक्यता जास्त. लिटरमागे 600 मिलिग्रॅम ही सुरुवात ठीक आहे. साध्या मिठाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 400 मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे लिटरला दीड ग्रॅम मीठ झालं. आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी शर्यतीच्या दिवशी नकोच. पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडांवर ती आणखी ताण टाकते.

प्रश्न: गेल्या उन्हाळी शर्यतीत सायकल उत्तम झाली, पण धावायला लागलो आणि तिसऱ्या किलोमीटरला पाय गळाले. ऊर्जेसाठी घेतलेलं साखरेचं जेलही उलटून पडलं. सराव कमी पडला का?

उत्तर: सराव पुरेसा असावा. बहुधा सायकलच जरा जास्त उत्तम झाली!

स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात त्यातला पाचवा ते चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होते. पेडलवर 200 वॉट पडत असतील, तर अंगात 600 ते 800 वॉट उष्णता तयार होत असते. सायकलवर ताशी 30-35 किलोमीटरचा वारा घाम वाळवतो, म्हणून तापलेलं अंग जाणवत नाही. धावताना तो वारा तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि ऊनही चढलेलं असतं. दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता ठिबकतो, आणि ठिबकणारा घाम अंग गार करत नाही. मग रक्त कातडीकडे धाव घेतं, पायांना कमी पडतं आणि पोटाला तर उरतच नाही. जेल तिथेच पडून राहतं आणि वर येतं.

उपाय सायकलवरच करायचा आहे. गारव्यात जेवढे वॉट धरता त्यापेक्षा 5 ते 10 टक्के कमी धरा. पॉवर मीटर नसेल तर ठोक्यांची कमाल मर्यादा ठरवून घ्या आणि चढावरसुद्धा ती ओलांडू नका. ताशी 45 ते 60 ग्रॅम साखर घेत असाल तर त्यातली बरीचशी सायकलवरच संपवा. जेलवर साधं पाणी प्या. वर गोड पेय घेतलं की पोटातलं मिश्रण फार घट्ट होतं. धावण्याचे पहिले दोन किलोमीटर नेहमीपेक्षा 20-30 सेकंदांनी हळू.

पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी वीस-तीस पावलं चालत जा. एक पेला पिण्यासाठी, एक डोक्यावर. डोकं पुढे वाकवून ओता, नाहीतर पाणी बुटांत उतरतं आणि फोड येतात. बर्फ मिळाला तर टोपीत आणि छातीशी शर्यतीच्या सूटच्या आत घाला. सुरुवातीच्या अर्धा तास आधी किसलेल्या बर्फाचं सरबत, वजनाच्या दर किलोला 7 ग्रॅमच्या आसपास, घेण्याचाही फायदा होतो. पण आधी सरावात करून पाहा.

पहिल्या फळीतल्यांचाही अंदाज चुकतो. 2016 मध्ये मेक्सिकोतल्या कोझुमेल इथे आघाडीवर असलेला ब्रिटनचा ट्रायथलीट जॉनी ब्राउनली शेवटच्या टप्प्यात लडखडला आणि भाऊ ॲलिस्टेअरने त्याला आधार देत अंतिम रेषेपर्यंत आणलं. त्याच वर्षी जॉनीने ऑलिंपिकचं रौप्य जिंकलेलं होतं.

प्रश्न: नुसता थकवा आणि उष्माघात यातला फरक सोबतच्या माणसाला कसा कळणार?

उत्तर: बोलण्यावरून. असंबद्ध उत्तरं, चिडचिड, दिशा न कळणं, झोकांड्या. भर उन्हात अंगावर काटा येऊन थंडी वाजणं हीसुद्धा धोक्याची खूण. घाम थांबण्याची वाट पाहू नका. श्रमाने आलेल्या उष्माघातात घाम बहुधा चालूच असतो. कपाळावरच्या किंवा कानातल्या थर्मामीटरवरही विसंबू नका, ते कमी दाखवतात. वैद्यकीय तंबूत न्या, बर्फाच्या पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बसवा, डोकं धरून ठेवा. टब नसेल तर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल सर्वांगावर, सतत बदलत. आधी गार करणं, मग रुग्णालयात हलवणं, हा क्रम मोडू नका. पहिला अर्धा तास मोलाचा असतो.

प्रश्न: पोहताना घालायचा रबरी वेटसूट नेऊ का?

उत्तर: पाण्याचं तापमान सकाळी मोजून आयोजक ठरवतात. आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या शर्यतींत 24.5 अंशांपर्यंत परवानगी, त्यावर 28.8 पर्यंत घालता येतो पण बक्षिसाचा हक्क जातो, त्याच्याही वर बंदी. वर्ल्ड ट्रायथलॉन या जागतिक संघटनेच्या नियमांत 1500 मीटरपर्यंतच्या पोहण्याला हौशी स्पर्धकांची मर्यादा 22 अंश आहे. उष्ण ठिकाणी तो बॅगेतच राहील असं धरून सराव करा. वेटसूटशिवाय पाय खाली जातात, त्याची सवय हवी.

प्रश्न: विमानातून सायकल नेताना काय सांभाळावं?

उत्तर: सीटपोस्टच्या उंचीवर टेप गुंडाळून खूण करा. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) काढून फोममध्ये गुंडाळा. डिस्क ब्रेक असतील तर पॅडच्या मधे प्लास्टिकचा तुकडा अडकवा, नाहीतर प्रवासात लिव्हर दाबला जाऊन पॅड चिकटतात आणि तिथे चाक बसत नाही. टायरमध्ये हवा भरायची गॅसची छोटी नळकांडी विमानतळावर अडवली जाऊ शकतात, ती शर्यतीच्या गावी पोहोचल्यावरच विकत घ्या. जोडताना स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) बोल्ट आलटून पालटून, त्यावर छापलेल्या टॉर्कइतकेच आवळा.

सायकल तिथे भाड्याने घेणार असाल तर पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते पाहा. तो देशादेशात बदलतो. ओव्हरटेकची बाजूही तशीच बदलते.

आणि आदल्या दिवशी ट्रान्झिशनमध्ये (एका टप्प्यातून दुसऱ्यात जाण्याच्या जागी) सायकल ठेवताना टायरमधली हवा कमी करा. उन्हात तापून दाब 10 पीएसआयने सहज चढतो आणि ट्यूब फुटल्याचे आवाज दुपारभर येत राहतात. पंप सकाळी सोबत न्या.