मुळाच्या टोकाला भरलेलं सिमेंट हाडाला मानवतं का?

प्रश्न : वरच्या पुढच्या दाताचं रूट कॅनल दोनदा करूनही पू थांबेना, म्हणून हिरडी उघडून मुळाचं टोक कापलं आणि तिथे एमटीए नावाचं सिमेंट भरलं. ६ महिन्यांनंतरच्या एक्स-रेत काळा डाग अजून आहे, दुखत मात्र नाही. पदार्थ मानवला नसेल का? शेजारच्या दाताला पूर्वी अशीच शस्त्रक्रिया करून अमाल्गम, म्हणजे चांदी भरली होती. तिथली हिरडी निळसर-काळी झाली आहे. ती चांदी काढावी का?

– एक वाचक, सातारा

उत्तर : एवढ्यावरून एमटीएला दोष देता येणार नाही. काळा डाग म्हणजे हाड नसलेली जागा, आणि हाड सावकाश भरतं. वर्षभर, कधी त्याहून जास्त वाट पाहावी लागते. डाग शस्त्रक्रियेच्या वेळेपेक्षा लहान झालाय का, एवढंच आत्ता पाहायचं. त्यासाठी दोन्ही एक्स-रे एकाच कोनातून काढलेले हवेत, नाहीतर तुलना फसते. हाडाची पुढची आणि टाळूकडची अशा दोन्ही भिंती झिजल्या असतील, तर तिथे हाडाऐवजी तंतुमय ऊती भरू शकते. तो डाग कायम राहतो, पण तो आजार नव्हे.

एमटीए ओलाव्यातच घट्ट होतं. त्यातून सुटणारं कॅल्शियम ऊतींच्या द्रवातल्या फॉस्फेटशी जुळून अ‍ॅपेटाइटचा, म्हणजे हाडातल्यासारख्या खनिजाचा, थर धरतं, आणि अनेकदा त्यावर सिमेंटम, म्हणजे मुळाचं नैसर्गिक आवरण, नव्याने चढतं. अमाल्गमवर असं आवरण चढत नाही. तिथे बहुधा तंतुमय वेष्टण आणि थोडी सूज दिसते.

अपयशाचं मूळ बहुधा पदार्थात नसून कामात असतं. टोक साधारण ३ मिलिमीटर कापून आत तेवढीच खोल पोकळी करायची असते. पोकळी उथळ राहिली, रक्त नीट थांबलं नाही, मुळातली दुसरी नलिका नजरेतून सुटली किंवा मुळाला बारीक तडा असला, की जंतू झिरपतच राहतात. एमटीए घट्ट व्हायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. त्यामुळे भरल्यावर सलाइनची धार मारली, तर ते वाहून जातं. कडेचं जादा ओल्या कापसाने टिपून घ्यावं.

चांदी दुखत नसेल, पू नसेल, तर काढू नका. काढताना तिचे कण आणखी पसरतात. हिरडीचा रंग झिजलेल्या धातूचा असावा. एक्स-रेत कण दिसले तर खात्री पटते, न दिसले म्हणून शक्यता संपत नाही. हिरडीवरचा डाग वाढू लागला किंवा त्याचा रंग, आकार बदलला, तर मात्र तिथला तुकडा तपासायला द्यायलाच हवा.

हिरडीवर पुळी येऊन पू आला, सूज आली किंवा दात हलू लागला, तर पुढच्या एक्स-रेची तारीख येईपर्यंत थांबू नका.